रुसलेली हार्ड डिस्क आणि आपला बॅकअप

मार्च महिन्याची अखेर म्हणजे हिशेबाची अखेर. व्यापारी असोत, व्यावसायिक असोत अथवा निवृत्तिवेतनावर संसार चालविणारे गृहस्थ असोत, वर्षभराची कागदपत्रे नीट लावून ठेवण्याचे काम या दिवसांत घरोघरी चालते. पूर्वी ही कागदपत्रे कपाटातील फायलींत असत. आता त्यांतील बरीचशी संगणकात असतात आणि त्यांची एक प्रत खिशात मावेल एवढ्या बाह्य हार्ड डिस्कवर ठेवलेली असते. योगायोग असा की, ३१ मार्च हाच दिवस २०११ पासून 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो.

इंदूर येथे औषधांचे दुकान चालविणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांना हा योगायोग फारसा सुखावह ठरला नाही. वर्षअखेरीच्या रात्री दुकानाचे हिशेब बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावयास ते बसले, आणि निम्मे काम होते न होते तोच डिस्क संगणकाच्या पडद्यावरून नाहीशी झाली. केबल काढून पुन्हा लावली की ती परत दिसे. पाच मिनिटांनी पुन्हा गायब होई. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, एकदा फॉरमॅट करून टाकू या, सगळे ठीक होईल." मामांचा हात माऊसवर गेलाही होता. तेवढ्यात त्यांना आठवले, की डिस्कवर केवळ हिशेब नाहीत. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आणि दिवंगत वडिलांच्या आवाजातील तीन अभंगांचे ध्वनिमुद्रणही तिच्यावर आहे. संगणकात आणि फोनमध्ये जागा उरेना म्हणून हे सारे 'डिस्कवर आहेच' या भरवशावर तेथून पुसून टाकलेले होते.

बाह्य हार्ड डिस्क अशी अधूनमधून रुसू लागली तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणती गोष्ट कटाक्षाने टाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान असण्याची आवश्यकता नाही. थोडा धीर आणि योग्य क्रम, एवढेच पुरेसे आहे.

पहिला प्रश्न डिस्कचा नव्हे, प्रतीचा

डिस्क बिघडली की आपण लगेच ती दुरुस्त करण्याच्या मागे लागतो. वस्तुतः त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा: या डिस्कवर जे आहे, ते अन्यत्र कोठे आहे काय?

बॅकअप याचा अर्थ दुसरी प्रत. मूळ फाईल संगणकात सुरक्षित असेल, तर डिस्कवरील फाईल हा खरोखरच बॅकअप होय. अशा वेळी डिस्क बिघडली तरी नुकसान फक्त डिस्कच्या किमतीचे. आजच दुसऱ्या डिस्कवर नवी प्रत घ्यावी आणि मग जुनीची तपासणी निवांतपणे करावी. परंतु संगणकातील मूळ फाईल पुसली गेली असेल, तर डिस्कवरील प्रत दुसरी राहत नाही. ती एकुलती एक होते. तिला आपण सवयीने बॅकअप म्हणतो इतकेच. अशा डिस्कवर कोणताही प्रयोग करणे म्हणजे घराची मूळ खरेदीखते हातात घेऊन पावसात उभे राहणे होय.

पुढील सर्व उपाय या एका उत्तरावर अवलंबून आहेत. डिस्कवरील माहिती एकुलती असेल तर 'प्रथम माहिती बाहेर काढणे, नंतर दुरुस्ती' हा क्रम कदापि मोडू नये. एवढे निश्चित केल्यावर मग दोष कोठे आहे याचा शोध घ्यावा.

डिस्कच्या आत काय चालते?

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या 'रामॅक' यंत्रापासून सुरू होतो. त्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कची साठवणक्षमता त्याच्या कित्येक लक्ष पटींनी अधिक असली तरी मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्यावर एक सूक्ष्म वाचकशीर्ष तरंगत राहून माहिती लिहिते वा वाचते. नेहमीच्या पोर्टेबल डिस्कमध्ये ही तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. तबकडी व वाचकशीर्ष यांच्यामधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. चालू डिस्क टेबलावरून पडणे, किंबहुना नुसती आपटणेही घातक का ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

या यंत्राला तीन गोष्टी अखंड लागतात: पुरेशी वीज, निर्दोष जोडणी आणि संगणकाकडून योग्य आज्ञा. तिन्हींपैकी एकीतही खंड पडला तर लक्षण एकच दिसते, ते म्हणजे डिस्क मध्येच दिसेनाशी होणे. म्हणूनच केवळ लक्षणावरून डिस्क खराब झाली असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून आरंभ करून एकेक शक्यता दूर करीत जावे.

वीज, केबल आणि पोर्ट

अडीच इंची पोर्टेबल डिस्कला स्वतंत्र अॅडॅप्टर नसतो. ती आपली वीज संगणकाच्या यूएसबी पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० प्रकारच्या पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. यूएसबी ३.० प्रकारात ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट आहे. थांबलेली तबकडी फिरू लागते त्या क्षणी डिस्कला सर्वाधिक वीज लागते. ती अपुरी पडली की डिस्क सुरू होते, अडखळते, बंद पडते आणि पुन्हा सुरू होऊ पाहते. पाणी कमी दाबाने येत असता नळ जसा अधूनमधून फुसफुसतो, तसाच हा प्रकार.

यावरील उपाय क्रमाने असे. डिस्क हबमधून जोडली असल्यास हब काढून ती थेट संगणकाला जोडावी. लांब किंवा जोड दिलेली केबल वापरू नये. टेबलावरील संगणकाच्या पुढील बाजूस असलेले पोर्ट आतील एका लांब तारेने मुख्य पाटीला जोडलेले असतात. मागील बाजूचे पोर्ट मात्र थेट त्या पाटीवरच बसविलेले असतात. म्हणून डिस्क मागील पोर्टला लावून पाहावी. हबवाचून गत्यंतर नसेल, तर ज्याला स्वतःचा अॅडॅप्टर आहे असा हब वापरावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॅप्टर असतो. तिच्या बाबतीत अॅडॅप्टरची पिन सैल झाली आहे काय आणि तो त्याच डिस्कचा आहे काय, हे अवश्य पाहावे. घरात एकासारखे एक दिसणारे चार अॅडॅप्टर असतात आणि ते अदलाबदल होणे ही नित्याचीच गोष्ट आहे.

त्यानंतर केबल. वरवर धडधाकट दिसणारी केबल आतून तुटलेली असू शकते. विशेषतः यूएसबी ३.० च्या पोर्टेबल डिस्कना असणारे रुंद, चपटे, दोन भागांचे टोक वारंवार काढघाल केल्याने सैल होते. डिस्क स्थिर ठेवून केबल हलकेच हलविताच जोडणी तुटत असेल, तर दोष टोकाचा आहे असे समजावे. ही परीक्षा मात्र डिस्कवर काही लिहिले जात असताना करू नये. सी-प्रकारच्या केबलबाबत आणखी एक सावधगिरी हवी. मोबाईल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमधून माहितीचे वहन फार संथ होते, तर काही स्वस्त केबलमधून मुळीच होत नाही. डिस्कबरोबर आलेली अथवा तिच्यासाठीच बनविलेली आखूड केबल वापरणे इष्ट.

शेवटी हीच डिस्क दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तेथे ती तासभर सुरळीत चालली तर दोष आपल्या संगणकाकडे अथवा जोडणीकडे आहे. तेथेही ती तशीच वागली तर संशयाची सुई डिस्ककडे वळते.

संगणकाची बाजू

विंडोज प्रणाली वीज वाचविण्यासाठी वापरात नसलेले यूएसबी पोर्ट झोपवून ठेवते. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना हे प्रकर्षाने घडते. काही डिस्क या झोपेतून नीट जाग्या होत नाहीत. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत मांडणीत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सोय बंद करून पाहावी. मोठी प्रत घेताना लॅपटॉपला चार्जर जोडलेला असावा, हेही ओघाने आलेच.

संगणक स्वतःची एक रोजनिशी ठेवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज' मधील 'सिस्टम' या विभागात डिस्कविषयीच्या नोंदी पाहता येतात. डिस्क अचानक काढली गेल्याची १५७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसत असेल, तर बहुधा वीज वा जोडणी यांत दोष आहे. ७ क्रमांकाची नोंद म्हणजे तबकडीवरील एखादा भाग वाचता येत नसल्याची सूचना. बिघाड नेमक्या कोणत्या दिवसापासून सुरू झाला हेही या रोजनिशीवरून समजते आणि त्या सुमारास आपण काय बदलले होते याची आठवण होते.

कधी कधी डिस्क पूर्णतः निर्दोष असूनही बॅकअप अपुरा राहतो. फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही. लग्नसमारंभाची चित्रफीत नेमकी तेथेच अडते आणि आपण दोष डिस्कला देतो. क्वचित डिस्क भरलेली असते आणि बॅकअप घेणारी आज्ञावली रोज रात्री तशी सूचना देत असते. ती सूचना कोणी वाचलेली नसते. काही नव्या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांप्रमाणे अंशतः एकमेकांवर चढविलेले असतात. अशा डिस्कवर दीर्घकाळ लिहीत राहिल्यास वेग एकदम मंदावतो. निव्वळ मंदपणा हा बिघाड नव्हे. थोडी वाट पाहावी.

याच संदर्भात एक इशारा देणे आवश्यक वाटते. प्रचंड क्षमतेच्या म्हणून अशक्य स्वस्त दरात विकल्या जाणाऱ्या काही डिस्क व पेनड्राइव्ह बनावट असतात. त्यांची खरी क्षमता अल्प असते. संगणकाला मात्र त्या मोठा आकडा सांगतात. खरी जागा संपल्यावर लिहिलेल्या फायली नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. नवी डिस्क रिकामी असतानाच 'एच२टेस्टडब्ल्यू' सारख्या मोफत आज्ञावलीने तिची संपूर्ण क्षमता तपासून घ्यावी.

डिस्कची प्रकृती कशी ओळखावी?

वीज, केबल, पोर्ट आणि संगणक निर्दोष ठरल्यावर डिस्कची स्वतःची प्रकृती पाहावयाची. प्रत्येक आधुनिक हार्ड डिस्क 'स्मार्ट' नावाच्या यंत्रणेद्वारे स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत आज्ञावलीने ती वाचता येते. तीत निळा रंग ठीक, पिवळा सावध आणि लाल धोका असे दर्शवितो. यांतील दोन आकडे सर्वसामान्य वापरकर्त्यानेही पाहावेत. पहिला, निकामी ठरवून बदललेल्या कप्प्यांची संख्या. दुसरा, वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेल्या कप्प्यांची संख्या. हे आकडे शून्य असणे उत्तम. ते शून्य नसतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्क निवृत्त करण्याची वेळ आली आहे असे निःशंक समजावे.

मात्र निळा रंग म्हणजे हमीपत्र नव्हे. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लक्षाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणांवर आधारित एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव, तशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना आढळले. परंतु त्याचबरोबर असेही दिसले, की निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट' मधील प्रमुख चार लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. तात्पर्य, धोक्याची सूचना मिळाली तर ती अवश्य मानावी. सूचना मिळाली नाही म्हणून गाफील राहू नये.

यंत्रापेक्षा आपले कानही कमी उपयोगाचे नाहीत. डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येणे म्हणजे वाचकशीर्ष आपली जागा शोधण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करीत आहे. अपुऱ्या विजेमुळेही असा आवाज येऊ शकतो, म्हणून एकदा पोर्ट व केबल बदलून पाहावी. तरीही आवाज थांबला नाही, अथवा घासल्यासारखा आवाज आला, तर डिस्क तत्काळ बंद करावी आणि पुन्हा सुरू करू नये. अशा डिस्कचा प्रत्येक मिनिटाचा वापर तबकडीवरील माहिती खरवडून काढीत असण्याची शक्यता असते.

काय करू नये?

डिस्कवरील माहिती एकुलती असेल तर पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे' अशी सूचना पडद्यावर आली तरी होकार देऊ नये. माहितीची अनुक्रमणिका वाचता येत नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ असतो. माहिती बहुधा जागेवर असते. फॉरमॅटने तिच्यापर्यंत जाण्याची वाट आणखी अवघड होते.

'चेकडिस्क' ही विंडोजची दुरुस्तीची सोय निरोगी डिस्कवरील किरकोळ गोंधळ निस्तरण्यास चांगली आहे. आजारी डिस्कवर मात्र ती तासन्‌तास ताण देते, शिवाय डिस्कवर लिहिते. माहिती अन्यत्र सुरक्षित झाल्यावरच तिचा वापर करावा.

डिस्क काही काळ शीतकपाटात ठेवण्याचा सल्ला आजही ऐकू येतो. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि होती ती आशाही मावळते. डिस्कचे झाकण घरी उघडू नये. धुळीचा एक कणही त्या नॅनोमीटरच्या अंतरात डोंगराएवढा ठरतो. बाहेरील वेष्टन काढून आतील डिस्क थेट संगणकाला जोडण्याचा मार्गही सरसकट उपयोगी नाही. काही डिस्कमधील माहिती वेष्टनातील पाटीकडून सांकेतिक रूपात लिहिली जाते. त्या पाटीवाचून ती वाचता येत नाही.

प्रथम माहिती, मग डिस्क

डिस्क थोडा वेळ का होईना चालत असेल, तर त्या वेळेचा उपयोग काटकसरीने करावा. दुसरी, पुरेशा क्षमतेची रिकामी डिस्क आधी आणून ठेवावी. सर्वांत मोलाच्या फायलींपासून आरंभ करावा: जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. बँकेचे खातेउतारे पुन्हा मिळतात, विम्याच्या पॉलिसीची दुसरी प्रत मिळते. दिवंगत माणसाचा आवाज पुन्हा मिळत नाही. एका वेळी संपूर्ण डिस्क उतरविण्याऐवजी लहान लहान फोल्डर घ्यावेत. एखादी फाईल अडली तर ती सोडून पुढे जावे आणि शेवटी तिच्याकडे परत यावे. जाणकारांच्या हाती असलेली 'डीडीरेस्क्यू' ही मोफत आज्ञावली याच तत्त्वावर चालते. आधी जे सहज वाचता येते ते ती उतरवून घेते आणि अवघड भागाकडे नंतर वळते.

डिस्क मुळीच दिसत नसेल, आवाज करीत असेल, किंवा पाण्यात पडली असेल, तर माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांकडे जाणे श्रेयस्कर. हे काम खर्चिक असते; म्हणून तपासणीचे शुल्क व अंदाजपत्रक आधी लेखी घ्यावे. येथे ग्राहकांनी दोन बाबी विशेषत्वाने लक्षात ठेवाव्यात. एक, दुरुस्तीस दिलेली डिस्क म्हणजे आपले उघडे कपाट. तिच्यावर पॅन, आधार यांच्या प्रती असतील तर काम विश्वासार्ह ठिकाणीच द्यावे. पासवर्ड व पिन तर कोणत्याही डिस्कवर उघड लिहून ठेवूच नयेत. दोन, डिस्क कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधताना इंटरनेटवरील बनावट ग्राहकसेवा क्रमांकांपासून सावध राहावे. दुरुस्तीच्या निमित्ताने आपल्या फोनवर वा संगणकावर पडदा दाखविणारे अॅप घ्यावयास सांगणारा, अथवा ओटीपी विचारणारा मनुष्य आपली डिस्क दुरुस्त करणार नसतो. त्याची नजर आपल्या खात्यावर असते. क्रमांक डिस्कच्या वेष्टनावरून अथवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

एका डिस्कवर भरवसा नको

सारी रक्कम एकाच ठिकाणी गुंतवू नये, हे आपण जाणतो. माहितीच्या बाबतीतही तोच न्याय आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 'तीन-दोन-एक' हा नियम यासाठी सर्वत्र मान्यता पावला आहे: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी.

'अन्य ठिकाणी' या शब्दांचे मोल पुराच्या वेळी कळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर असतील तर पाणी दोघांत भेदभाव करीत नाही. दुसरी डिस्क परगावी राहणाऱ्या मुलाकडे, बहिणीकडे अथवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते. क्लाउड सेवेवर ठेवलेली प्रतही चालते. मात्र तिचा पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस कोठे मिळेल, याची व्यवस्था वारसनोंदीइतक्याच काळजीने करावी.

प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकाला जोडून ठेवू नये. मे २०१७ मधील 'वॉन्नाक्राय' सारखे खंडणीखोर विषाणू संगणकाबरोबर त्याला जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करून टाकतात. डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह' ही आज्ञा द्यावी. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीपासून ही आज्ञा पूर्वीइतकी अपरिहार्य राहिलेली नसली, तरी लिहिणे चालू असताना केबल ओढल्यास अर्धवट फाईल मागे राहतेच. चकतीऐवजी चिप वापरणाऱ्या एसएसडी डिस्कना धक्क्याचे भय कमी असते. तथापि, खूप वापरून झालेली एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवल्यास तिच्यावरील माहिती क्षीण होऊ शकते. दीर्घकालीन जतनासाठी तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रत वेळोवेळी उघडून पाहावी. पासबुकातील नोंदी आपण ताडून पाहतो, तशीच ही पडताळणी. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार जुन्या व चार नव्या फायली उघडाव्यात. चित्रफीत शेवटपर्यंत चालते काय ते पाहावे. व्यापाऱ्यांसाठी हा कायद्याचाही प्रश्न आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ अनुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात. सहा वर्षांपूर्वीची फाईल उघडत नाही, ही सबब तेथे चालत नाही.

थोडक्यात

• डिस्कवरील माहिती अन्यत्र आहे काय, हे प्रथम ठरवावे.
• हब, लांब केबल, पुढील पोर्ट टाळून थेट जोडणी करून पाहावी.
• दुसरी केबल आणि दुसरा संगणक यांवर परीक्षा घ्यावी.
• 'स्मार्ट' मधील इशारा मानावा. इशारा नसणे ही हमी समजू नये.
• माहिती बाहेर काढल्यावाचून फॉरमॅट वा चेकडिस्क करू नये.
• नवी प्रत उघडून पाहिल्यावाचून मूळ फाईल पुसू नये.

इंदूरच्या आमच्या स्नेह्यांनी त्या रात्री फॉरमॅटची कळ दाबली नाही. संगणक गल्ल्याखाली हलविल्यानंतर त्यांनी डिस्कला एक लांब जोडकेबल लावली होती आणि ती पुढील पोर्टमध्ये खोचलेली होती. आखूड केबल आणून डिस्क मागील पोर्टला जोडताच ती न तुटता चालू लागली. रात्रभरात सारी माहिती नव्या डिस्कवर उतरली. हिशेब पूर्ण मिळाले, लग्नाची छायाचित्रे मिळाली. वडिलांच्या अभंगांपैकी दोन संपूर्ण निघाले. तिसरा मात्र मध्यावर थांबतो. तो डिस्कवर उतरत असताना जोडणी तुटली होती आणि फाईल दिसते आहे एवढे पाहून फोनवरील मूळ ध्वनिमुद्रण पुसले गेले होते. शेवटपर्यंत ऐकून पाहावयास पाच मिनिटे लागली असती.

ती डिस्क आजही चालू आहे. आता तिच्या जोडीला दुसरी डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये असते. दरवर्षी ३१ मार्चला ती बाहेर येते, नवी प्रत घेतली जाते, आणि लॉकरमध्ये परत जाण्यापूर्वी मामा भाच्याला शेजारी बसवून दोन अभंग शेवटपर्यंत ऐकतात. बॅकअप तपासण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी ठाऊक नाही.